बरगडीतली नळी

तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण माझ्या, या कवडूच्या छातीत एका दुपारी दोन माणसं श्वास घेत होती, हे अगदी खरं आहे.

समोर माझा पुतण्या रुपराव बसला आहे. आतापासूनच मिशीत हसतोय. हसू दे.

१९७२ चा मे. नागपुरातला छातीचा दवाखाना. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही नाही.

माझ्या उजव्या छातीत पू झाला होता; नळी घालून तो काढायचा होता. वॉर्डात सगळ्यांचा डोळा एकाच पलंगावर... खिडकीवरच्या खसच्या ताटीजवळच्या. ताटीवर पाणी मारलं की गार वारा थेट अंगावर. तो पलंग नरखेडच्या धोंडबाचा. त्याच्याही बरगडीत नळी होती.

त्या सकाळी धोंडबा गेला.

आमच्याकडे मेलेल्याच्या गादीला ऊन दाखवल्याशिवाय कोणी तिच्यावर पाठ टेकत नाही. माझी आई ओरडत राहिली, "अरे बाबू, गादीले ऊन तरी दाखव गा!"

पण बाकीचे टपून बसलेले. मी गाठोडं फेकलं आणि पलंग पटकावला.

गादी अजून कोमट होती...

डॉक्टर तिथेच आले. हातात ट्रोकार. म्हणजे टोकदार पोलादी सुळा, त्यावर चढवलेली नळी. जागा बधिर करायची, दोन बरगड्यांच्या मधून आत दाबायचा आणि सुळा ओढून घ्यायचा. नळी आत राहते. तिच्या तोंडावर लगेच अंगठा ठेवायचा... नाहीतर बाहेरची हवा आत शिरते.

सुळा निघाला.

नेमका तेव्हाच ताटीतला वारा थांबला. एकदम. डॉक्टरांनी मान वळवली. अंगठ्याला उशीर झाला.

आणि काहीतरी गार... आत शिरलं.

नळी पलंगाखालच्या पाण्याच्या बाटलीला जोडून डॉक्टर गेले. मी श्वास सोडला की बाटलीत बुडबुडे. गुडुक... गुडुक...

गंमत म्हणून मी श्वास रोखला.

गुडुक...

अजून रोखून धरला.

गुडुक... गुडुक...

घाबरून श्वास घ्यायला गेलो, तर छाती आधीच भरलेली! आत कोणीतरी आपला श्वास घेऊन बसलं होतं. मला जागाच नव्हती.

सिस्टरला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज निघाला. पण माझा नव्हे...

"उठ. माहा पलंग हाय."

शामला सिस्टरच्या हातातला ट्रे खाली पडला. महिनाभर तिनेच त्याचं केलं होतं. आवाज ओळखला तिने.

"धोंडबा...?"

"उठत नसशील त मर. इथंच मर."

माझी नखं निळी पडली. डोळ्यांपुढे अंधार. बाटली कवटाळून मी पलंगावरून खाली लोळलो. मनातल्या मनात ओरडलो, घे बाप्पा, घे तुहा पलंग!

फरशीवर पडताच श्वास सुटला. माझा.

आणि वर ती रिकामी गादी... मधोमध हळूहळू दबली.

पुढे नळी काढली, टाका घातला. पण तो पुरता बाहेर गेला होता का? आजही दुपारी आडवा झालो की एक श्वास जास्तीचा ऐकू येतो. माझी बायको गोपिका उठून दुसऱ्या खोलीत जाते.

खोटं वाटतं? हा बघा डाग. मी सदरा वर करतो. उजव्या बरगडीखाली.

रुपराव वाकून नीट पाहतो. मग मांडीवर थाप मारतो.

"काहून फेकून राहिले गा काका! मागच्या पोळ्याले तर हा डाग तुम्ही डाव्या बाजूले दाखवला होता!"