परवा म्हणजे कोणता वार

विचारल्यावरून सांगते की, पाणी निळं आलं.

भरे गावच्या ओढ्यावर मी दादाचा पांढरा सदरा धूत होते. आदल्या दिवशी घट बसले होते. हस्ताचा पाऊस नुकताच उघडला होता आणि भात फुलोऱ्यात होतं, त्यामुळे सगळ्या शिवाराला आंबेमोहोराचा वास सुटला होता. मी सदरा पाण्यात पसरला, तर वरून एक निळी धार आली आणि खिशापाशी वेढा घालून बसली. मान वर केली. वरच्या खडकावर खाकी चड्डीतला एक तरुण शाईने माखलेले हात धूत बसला होता. शेजारी सायकल आडवी, तिला टांगलेल्या पिशवीतून अजून शाई ठिबकत होती.

"डोळं हायेत का न्हाईत? दादाचा सदरा हाय ह्यो."

त्याने दोन्ही हात वर धरले, पकडला गेल्यासारखे. "दौत फुटली," तो म्हणाला. "फुकट नीळ घातली असं समज."

"नीळ धुतली की जाती."

"हीसुद्धा जाईल…"

गेली नाही.

त्याचं नाव मुकुंद कुदळे. पुण्याचा. पोलिसातला शिपाईच, पण अक्षर चांगलं म्हणून त्याला रायटर केलेलं. साहेब विचारणार, माणसं सांगणार, हा कागदावर उतरवणार. डोंगरावरून जाणाऱ्या विजेच्या तांब्याच्या तारा कोणीतरी कापून नेत होतं, म्हणून फौजदार त्याला घेऊन आमच्या चावडीत मुक्काम टाकून बसले होते. त्यांचं जेवण गावावर होतं, रोज एका घरची पाळी. आमची पाळी एकदाच यायची होती. पण शेजारच्या धोंडाबाईचे गुडघे धरले, मग तिच्या पुढच्या घरी बाळंतीण निघाली… चार वेळा मीच गेले. आई भाकरीच्या टोपल्याकडे बघून नुसती हसली.

विचारल्यावरून पुढे सांगते की, तो माझं बोलणं ऐकता ऐकता सरळ करत असे. मी म्हणायची, आज लई ऊन हाय. तो म्हणायचा, "आज फार ऊन आहे असे सदर मुलीने सांगितले." मी म्हणायची, म्या असं बोललेच न्हाई. तो म्हणायचा, कागदावर असंच बोलतात.

एकदा मी सांगत होते, परवा आमची म्हस व्याली.

"परवा? म्हणजे रविवारी?"

"रविवारी कशाला? परवा. गौरी बसल्या तवा."

"अगं, त्याला महिना होत आला."

"मग परवाच की."

त्याला हसता हसता ठसका लागला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याने तो घेताना माझ्या बोटांना बोट लागू दिलं नाही, एवढं जपून घेतला की मला ते लागल्यासारखंच झालं.

"तुझा परवा म्हणजे कोणता वार, ते एकदा लिहूनच घेतलं पाहिजे."

"घ्या की लिवून. लिवण्याबिगर तुमास्नी दुसरं येतंय काय?"

"येतं… पण ते चावडीत सांगता येत नाही." मग टोपल्याकडे बघत हळूच, "माझी काही परवा आहे का तुला?"

"कंच्या वारची?" मी म्हणाले, आणि टोपलं उचलून पळाले. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

(इथे चार ओळी होत्या. खोडल्या. त्यात पाऊस होता, चावडीची वळचण होती, आणि एकाच पोत्याखाली दोन डोकी होती.)

मला लिहिता येत नव्हतं. अंगठा हीच माझी सही. त्याला ते बघवेना. चावडीच्या ओट्यावर कोळशाने त्याने माझं नाव काढलं — चंद्रा — आणि म्हणाला, द च्या पोटातून एक तिरकी रेघ, बाकी काही अवघड नाही. माझी रेघ दर वेळी वर सुटायची. त्याने हात धरला नाही. कोळशाचं दुसरं टोक धरलं आणि रेघ खाली ओढली. तेवढ्यावर मी एक आठवडा जगले. दळताना पिठात, सारवताना शेणात, अंघोळीच्या दगडावर ओल्या बोटाने, सगळीकडे तीच तिरकी रेघ.

मग रविवारी रात्री तारांवरचा राखणदार गेणबा पहारीच्या घावाने मेला. आता ती नुसती चोरी राहिली नाही, खून झाला. सोमवारी मोठे साहेब येऊन फौजदारांना सगळ्यांसमोर बोलून गेले, आणि मंगळवारी सकाळी गाव चावडीपुढे रांगेत बसलं. ज्यांच्या घरात पहार चालवणारी माणसं आहेत, त्यांना आधी बोलावलं. माझा दादा, जयसिंग, सूसच्या दगडखाणीवर होता.

फौजदार विचारत होते. मी उत्तर त्यांना देत होते आणि बघत होते त्याच्याकडे. नवा टाक, नवी दौत. त्याने मान वर केली नाही, पण कानाची पाळी लाल झालेली मला दिसली. भाऊ घरी शेवटचा कधी आला होता, असं विचारलं. मी म्हणाले, परवा.

टाक थांबला नाही.

नंतर त्याने वाचून दाखवलं. त्याचा आवाज पहिल्यांदाच इतका वेळ, सलग, माझ्या एकटीसाठी चालला होता. तो वाचत होता:

*मी समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, माझा भाऊ जयसिंग हा सूस येथे दगडखाणीवर कामास असून तो गेल्या रविवारी घरी आला होता. त्याच्याजवळ खाणकामाची पहार असते. वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.*

मी शब्द ऐकलेच नाहीत. आवाज ऐकला.

हवालदाराने शाईची गादी पुढे सरकवली. मुकुंद म्हणाला, "अंगठा नको. तिला सही येते." सगळ्या चावडीसमोर म्हणाला. मी टाक घेतला. रेघ बरोबर खाली आली.

अशा जबाबावर सही लागतच नाही, हे मला पुढे वकिलाने सांगितलं. ती कायद्याला नको होती. त्याला हवी होती.

बुधवारी दादाला खाणीवरून आणलं. रविवारी खाण बंद, दिवसभर तो खोपटात झोपून होता, पण झोपलेल्याला कोण बघतं? आई रडायचीसुद्धा विसरली. मी ओढ्यावर गेले. तो तिथेच होता, त्याच खडकावर. हात कोरडे होते.

"परवा म्हंजे घट बसले त्या दिशी," मी म्हणाले. "दादा सदरा टाकून गेला. दुसऱ्या दिशी म्या धुतला. तुमी वर बसला व्हता."

"हो."

"माजा परवा कंचा, तुमास्नी ठावं व्हतं."

त्याने कोरडे हात उलटेसुलटे करून बघितले. मग म्हणाला, "लिहिताना मी ऐकत नाही, चंद्रा. हात लिहितो. परवा म्हटलं की हात दोन दिवस मागे जातो… सहा वर्षांची सवय आहे."

"मग आता ऐका, अन् साहेबास्नी सांगा."

"सही झाली आहे." हे त्याने इतक्या हळू सांगितलं की ओढ्याने ते अर्धं नेलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. "फौजदारांशी बोलतो. नोकरी गेली तरी बोलतो. परवा येतो मी."

मी शुक्रवारी ओढ्यावर गेले. शनिवारी गेले. भाताची कापणी होईपर्यंत जात होते. तो बोलला का, मला माहीत नाही. ठाण्यात दादाचा उजवा हात मोडला. पाय घसरून पडल्याने मोडला, असं कागदावर आहे म्हणतात. तो कागद मी बघितला नाही. त्यावरचं अक्षर चांगलं असेल, ही भीती होती.

तेरा महिन्यांनी खरे चोर दुसऱ्याच तालुक्यात तारांसकट सापडले. दादा सुटून घरी आला. त्या हाताने पहार सोडा, भाकरीचा तुकडाही नीट मोडत नाही. तो मला काही म्हणत नाही. मी ताट वाढते, तो जेवतो. एकदाच बोलला. ताटाकडे बघत म्हणाला, "सही लई झ्याक केलीस म्हणं."

आणि मुकुंद आला. पुढच्या नवरात्राच्याही नंतर, थंडीत, सकाळी. अंगावर खाकी नव्हती. नोकरी सोडली, पुण्यात एका छापखान्यात जुळारी आहे, म्हणाला. खिळे जुळवतो. तिथे प्रत्येक शब्द उलटा वाचावा लागतो, म्हणून आता नीट वाचतो. हे तो हसून सांगायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. तो वाळला होता. मला त्याच्या कानाची पाळी ओळखू आली.

मी धूतच राहिले. दादाचाच सदरा. खिशापाशी निळा वेढा तसाच.

"माझ्याबरोबर येशील? लग्न करून. तुझ्या आईला विचारतो, जयसिंगच्या पाया पडतो. मला झोप नाही, चंद्रा. तुला पहिल्यांदा बघितलं तेव्हापासून… आणि त्या मंगळवारपासून. दोन्ही एकदम."

मला हो म्हणायचं होतं. हे खोडत नाही. घशापर्यंत आलं होतं. पण हातात तो सदरा होता, आणि घरी तो घालायला बटणं लावून देणारी मीच होते.

"मला काहीतरी सांग," तो म्हणाला. "आज नको तर नंतर. कधी सांगशील?"

"परवा," मी म्हणाले.

त्याने वार विचारला नाही. सायकल उचलली, दोन्ही हातांनी, जपून. बांधावरून पुढे गेला आणि भाताच्या कापलेल्या खाचरांपलीकडे दिसेनासा झाला. मी सदरा पिळला. पाणी स्वच्छ निघालं.

लिहायला मी नंतर शिकले, शेजारच्या पोरींच्या पाटीवर. हे सगळं त्याच्याच भाषेत उतरवलं आहे, सरळ करून. माझ्या भाषेत ते दोन शब्दांचं होतं: परवा हाय.

वरील मजकूर मी कोणालाही वाचून दाखवलेला नाही. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही केलेली नाही.