सात नंबरची खाट

दिवा बारीक करा आणि जवळ सरका. ही माझ्या साडूच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे. तो दवाखान्यात अतिदक्षता विभागात सफाईला होता.

"मामा, साडूची गोष्ट म्हणजे तिखटमीठ लावलेली असणार."

आधी ऐक गं, मग हस.

मंगळवारची रात्र, सव्वादोन वाजलेले. खालून नवा पेशंट येणार होता, म्हणून सिस्टरांनी त्याला सात नंबरची खाट तयार करायला पाठवलं. काम रोजचंच. गादीला, कठड्यांना औषध लावायचं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मगच पुसायचं. डोळ्यांना न दिसणारी बुरशी तेवढ्या वेळानंच मरते.

पण हा लगेच पुसून मोकळा व्हायचा आणि कागदावर 'दहा मिनिटं' लिहून सही ठोकायचा. घाई असायची, बघायला कुणी नसायचं.

महिन्यापूर्वी त्याच खाटेवर एक शिक्षिका होत्या. ऑपरेशन नीट झालेलं, घरी जायच्या बेतात. रक्तात बुरशी शिरली, आठ दिवसांत गेल्या. चौकशीत याचा कागद पाहिला, तर सगळं ठीक. यानं तोंड उघडलं नाही. फक्त मला एकदा म्हणाला, "दादा, ते माझ्या हातून झालंय. घास उतरत नाही."

त्या रात्री औषध लावलं आणि सवयीनं फडकं उचललं.

मागून कुणीतरी म्हणालं, "इतक्यात नको, भाऊ."

त्या शिक्षिका बाई त्याला भाऊच म्हणायच्या.

वळून पाहिलं. पडदा. पडद्यामागे भिंत.

फडकं ठेवलं. खाटेकडे पाठ करून घड्याळ बघत राहिला. तीन मिनिटं... पाच... मागे गादीचं रेक्झिन करकरलं. कुणी कूस बदलावी तसं.

"बाई..." तो म्हणाला. "मीच..."



दहा मिनिटं भरली. तो तसाच सिस्टरांच्या टेबलापाशी गेला आणि सगळं सांगून टाकलं. सिस्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"सकाळी डॉक्टरांसमोर सांगाल?"

"सांगतो."

"चला. आधी खाट बघू."

गादी ओलीचिंब होती. मधला भाग सोडून. तेवढा कोरडा. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपलेल्या माणसाच्या आकाराचा.

सिस्टरांनी स्वतः त्यावर औषध ओतलं.

ते त्या आकाराच्या कडेकडेनं वाहत गेलं... आणि खाली जमिनीवर ठिबकत राहिलं.