कार्डाचे ठोके कुणी पळवले?

आंबरे बंदरावरच्या गणकखोलीत, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोलीत, रोज दुपारी दोनला एक भलंमोठं गणित सुरू व्हायचं आणि चाळीस मिनिटांत संपायचं. खाडीच्या तोंडाशी वाळू रोज जागा बदलते. आज होड्यांनी कुठून आत यायचं, याचा नकाशा त्या गणितातून निघे. त्या दिवशी मात्र दोन पंचविसाला पडद्यावर आकडा आला: अजून पंचावन्न मिनिटं. म्हणजे एकूण ऐंशी. मशीन तेच, गणित तेच, मग वेळ दुप्पट कसा?

पाळीवर होती सातवीतली कस्तुरी तांडेल. तिच्या तोंडचं पाणीच पळालं. बाहेर समुद्रात नकाशाची वाट बघत अकरा होड्या उभ्या होत्या आणि त्यातली एक तिची आई चालवत होती. तीनला पाणी उतरू लागणार. सव्वातीननंतर आत शिरणारी होडी वाळूत रुतणार. बाहेरच थांबावं, तर संध्याकाळी वारा उठणार होता.

पडद्याच्या कोपऱ्यात लाल अक्षरं लुकलुकत होती: ‘ग्राफिक्स कार्डाचं क्लॉक घसरलं.’ क्लॉक म्हणजे घड्याळ, एवढं इंग्रजी कस्तुरीला येत होतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून कॉम्प्युटरची वेळ एक मिनिटानं पुढे केली. लाल अक्षरं जशीच्या तशी. मग ती शेजारच्या सोमणनानांना हाताला धरून घेऊन आली आणि काय केलं ते सांगितलं. नानांची उभी हयात चिप बनवण्यात गेली होती.

“वेळ लावून दिलीस? बरं केलंस,” नाना खुर्चीत टेकत म्हणाले. “गाडी दमली म्हणून ड्रायव्हरच्या मनगटावरचं घड्याळ दुरुस्त केलंस.”

“नाना, चेष्टा नको. आई बाहेर आहे.”

“म्हणूनच नीट ऐक. हे क्लॉक वेळ सांगत नाही, ठोका देतं. शाळेत लेझीम खेळता ना? हलगीवर थाप पडली की अख्खी रांग एक पाऊल टाकते. कार्डात हजारो छोटे कामकरी असतात, ते असेच एका ठोक्यावर चालतात. मुळात ते पडद्यावरच्या ठिपक्यांचे रंग एकदम ठरवायला बनवलेले. आपण त्यांना ठिपक्यांऐवजी खाडीच्या पाण्याचे छोटे छोटे चौकोन हिशेबाला दिलेत. हलगी मंदावली तर?”

“पावलं कमी पडतील. गणित रेंगाळेल.”

“मग बघ किती मंदावली. पडद्यावरची ती पाहणीची खिडकी उघड आणि त्यातले तिन्ही आकडे वाच. एकटा आकडा कधी वाचायचा नाही.”

कस्तुरीनं वाचलं. “भार शंभर टक्के. ठोका बाराशे मेगाहर्ट्झ. ताप एक्क्याण्णव अंश.”

“एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख ठोके. हे कार्ड कामात असताना चोवीसशेनं, म्हणजे सेकंदाला दोनशे चाळीस कोटी ठोक्यांनी धावतं. त्याला बूस्ट म्हणतात (अंग थंड असेल तोवर घेतलेली जास्तीची धाव). आज निम्मंच धावतंय. का असेल?”

कस्तुरी आकड्यांकडे बघत राहिली. “काम तर भरपूर आहे. पण तापलंय. जळू नये म्हणून आपणहून हळू झालंय?”

“शाबास. आता तापलं कशानं, ते मात्र खिडकीत दिसणार नाही. मशीनकडे बघ.”

तिनं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. मशीनवर झालर लावलेलं क्रोशाचं कव्हर होतं. तांडेलांच्या घरात टीव्ही, मिक्सर, फ्रिज, कशालाच अंगडं घातल्याशिवाय ठेवत नाहीत. खारी हवा लागू नये म्हणून तिनंच महिनाभर खपून हे विणलं होतं आणि आज सकाळी कौतुकानं घातलं होतं. मागची गरम हवा जायची जाळी त्यानं पार झाकली होती.

“माझ्यामुळे झालं,” ती म्हणाली. तिला रडू येत होतं, पण तिनं आधी कव्हर ओढून काढलं.

भक्कन गरम हवेचा झोत आला. दोन पस्तीस झाले होते. ताप अठ्ठ्याऐंशी, ठोका चौदाशे. ताप ऐंशी, ठोका दोन हजार. मग ताप बहात्तर आणि ठोका तेवीसशे ऐंशी. उरलेली मिनिटं भराभर गळू लागली. तीनला दोन मिनिटं असताना नकाशा निघाला. कस्तुरीनं तो होड्यांना पाठवला, आणि सव्वातीनच्या आत अकराच्या अकरा होड्या धक्क्याला लागल्या. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

आई ओल्या पायांनीच गणकखोलीत आली. कस्तुरीनं काही न लपवता सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि पडद्याकडे बोट केलं. “आता तर ठोका तीनशेच दिसतोय. परत बिघडलं की काय?”

नाना बोलणार होते, तेवढ्यात कस्तुरीच म्हणाली, “नाही गं. भार बघ, दोन टक्के. ताप एक्केचाळीस. काम नाही म्हणून सावकाश चाललंय. दमून हळू होणं वेगळं आणि निवांत बसणं वेगळं.”

आई म्हणाली, “आज तासभर बाहेर आम्हाला काहीच कळत नव्हतं, त्याचीच भीती वाटली. उद्यापासून हे तीन आकडे आम्हालाही सांगत जा.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजून पाच मिनिटांनी अकरा होड्यांच्या रेडिओवर कस्तुरीचा आवाज आला, “भार शंभर, ठोका चोवीसशे, ताप अडुसष्ट. मशीन ठीक आहे, नकाशा दोन चाळीसला मिळेल.” आईनं इंजिन बंद केलं आणि जेवणाचा डबा उघडला.