बाजारापुरती आई

पंचमंडळी, तुम्ही अन्याय केलात. माझी आणि लालासाहेबाची काडीमोड केलीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण नवरा-बायकोची काडी मोडताना तुम्ही मला लेकीपासूनही मोडलंत. पाच वर्षांची बनू बापाकडे ठेवलीत. मला दिलात तासगावचा बाजार — आठवड्यातून एकदा, दुपारपर्यंत, सासूच्या नजरेखाली. वर अट: मी, राहीनं, पाट लावला, म्हणजे दुसरा नवरा केला, की तेही बंद.

बनूच्या बापानं चार महिन्यांत दुसरी आणली. त्याला अट नव्हती.

एका बाजारी बनू आलीच नाही. तिच्यासाठी घेतलेली लाल रिबीन बोटाला गुंडाळत मी एकटीच बसले होते... तेवढ्यात डोक्यावर सावली आली. खाकी सदऱ्यातल्या एका माणसानं आपली छत्री माझ्यावर धरली होती आणि स्वतः उन्हात उभा होता. सयाजी. लढाईवरून परतलेला, बैल घ्यायला आलेला.

मग तो दर बाजारी दिसू लागला. बैल काही घेईना.

"एकबी पटंना व्हय अजून?" मी विचारलं.

"समद्यांची शिंगं वाकडी हायती."

"बैलाचं दात बघत्यात, शिंगं न्हाई."

"मी बैलाकडं बघतोय, असं कुनी सांगितलं तुमाला?"

मी पदर तोंडाशी घेतला... दोन वर्षांनी हसले होते.

पण बनू आली की तो लांब लोहाराच्या पालापाशी जाऊन पाठमोरा उभा राहायचा — सासूनं माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून. बनूला घेऊन गाडी वळली की पुढचे सात दिवस मी आणि चूल. एकटीपुरत्या दोन भाकऱ्या. थापताना त्याची ती पाठ आठवायची.

परवा त्यानं म्हटलं, "पाट लावू या. बनूसकट या."

"बनू मिळायची न्हाई. पंचांची अट हाय."

त्यानं छत्री मिटली. मग म्हणाला, "तर मी मागं लागत न्हाई. तुमचा एवढा एक दिस... तो मी खानार न्हाई."

आणि निघून गेला.

म्हणून आज चावडीत उभी आहे. बायांनी इथं बोलायचं नसतं, ठाऊक आहे. मला सयाजी आवडतो — तुमच्या तोंडावर सांगते. आणि बनू मला रोज हवी, बाजारापुरती नको. बापानं दुसरी केली तरी तो बापच राहिला. मग मी दुसरा केला तर आई कशी राहत नाही? माना खाली घालू नका. बोला.