ओलं पान

दुपारचं जेवण, ज्येनपिंगच्या पातळ पोळ्या आणि कांद्याची पात, फडक्यात बांधून ल्वान शूचेन टेकडीवर आली, तेव्हा सरपंच यिन आणि शहरातला इंजिनिअर फू तिचीच वाट पाहत होते. शानतुंग प्रांतातली ही पांढरी टेकडी म्हणजे कधीकाळच्या तळ्याचा गाळ. सुरी घातली की वहीच्या पानांसारखा उलगडायचा आणि आतून लाखो वर्षांपूर्वीच्या झाडांची, दगडात उमटलेली तपकिरी पानं निघायची. शूचेनच्या सासरी तीन पिढ्या हेच काम. तिच्या हातून पान फाटलं, असं गावात कुणी म्हणू शकत नव्हतं.

फूचं म्हणणं एवढंच होतं, की पानं आता संपलीत. टेकडी दळून कारखान्याला भुकटी द्यावी.

"तुम्हीच जागा दाखवा," शूचेन म्हणाली. "तिथं उघडते."

फूनं मुद्दाम भेगाळलेला कोपरा दाखवला. पहिले दगड कोरेच निघाले. फू गालात हसला. शूचेनचा चेहरा तापला, पण मान खाली गेली नाही. तिनं पुढच्या थरात सुरी सरकवली.

तेवढ्यात वारा पडला. कोरड्या टेकडीवर चिखलाचा, शेवाळाचा वास दाटला. सुरी आत जाताना दगड कण्हल्यासारखा वाजला आणि उघडला...

आत मॅपलचं पान होतं. हिरवंगार. ओलं.

फूनं बोट लावलं, तसं ते दगडावरून अलगद सुटून त्याच्या तळहातावर आलं. देठाचं टोक नुकतंच तोडलेलं होतं. त्यावर चिकाचा थेंब फुगत होता.

"काकू... हे कुणी..." फू म्हणाला.

मागे पाणी डुचमळलं. तिघंही वळले. नुसता उतार, वाळकं गवत. सरपंचाची विजार मात्र गुडघ्यापर्यंत भिजली होती.

शूचेन ताठ उभी राहिली. "साहेब, आता लिहा अहवालात, पानं संपली म्हणून. आमचं तळं ऐकतंय."

फूनं काही लिहिलं नाही. पान तिच्या हातात देऊन तो उतार उतरला, तो परत आलाच नाही. कारखान्याचा विषय तिथंच मिटला. गाव आजही छाती काढून ही गोष्ट सांगतं.

पान संध्याकाळपर्यंत काळं पडलं. दगडाचा दुसरा अर्धा भाग मात्र शूचेननं कुणाला दाखवला नाही. देठ होता तिथं, गाळात एका अंगठ्याचा ठसा उमटला आहे. आपण कुणाला पान देताना धरतो, तसा. तो अजून सुकलेला नाही.