खिडकीकडे फिरलेली खुर्ची

दुपारी साडेतीनला ती नेहमीसारखी जिन्यात रडायला गेली, तर तिच्या पायरीवर एकजण बिस्किटं खात बसलेला. गेल्याच आठवड्यात बदलून आलेला, तिच्याच विभागातला.

“रडायची पायरी वरची,” तो सरकत म्हणाला. “ही खायची.”

“मी रडत नाहीये.”

“बरं… मग खा.” त्यानं पुडा पुढे केला.

तिला हसू आलं, आणि हसण्याचाही शीण आला. सकाळपासून साठ फोन. बंद पडलेल्या वॉशिंग मशीन, आत अडकलेले कपडे, आणि त्यांच्या मालकांच्या शिव्या… सगळ्या हिच्याच कानात.

“तुम्ही खुर्ची का फिरवत नाही?” त्यानं विचारलं.

तक्रार विभागात प्रमुख ताईंनी रीतच घालून दिली होती. जीव मेटाकुटीला आला, की खुर्ची खिडकीकडे फिरवायची. पाच मिनिटं. तेवढ्यात वाजलेला फोन दुसरं कुणीतरी घेतं. का, कशाला, कुणी विचारत नाही. सगळे फिरवत. हिनं दोन वर्षांत एकदाही नाही.

“माझं ओझं दुसऱ्याच्या गळ्यात कशाला?”

“आणि काल माझे चार फोन घेतलेत ते?”

“ते… जवळ होते म्हणून.”

“तीन टेबलं सोडून बसतो मी!”

तिनं एक बिस्कीट उचललं. पर्समध्ये राजीनामा आहे, पाचच्या ठोक्याला द्यायचाय, हे काही तिनं सांगितलं नाही.

पाचला पाच कमी असताना फोनवरचा माणूस ओरडला, “तुमच्यासारख्यांना कामावर ठेवतं कोण?” तिनं सवयीनं माफी मागितली. फोन ठेवला. मग पाय जमिनीला रेटला… आणि खुर्ची फिरली.

समोरच्या गच्चीत दोरीवर एक शर्ट उगाचच हात हलवत होता. मागे तिचा फोन वाजला. “बोला काकू, ऐकतोय,” त्याचा आवाज. थोड्या वेळानं त्याची खुर्ची कुरकुरत शेजारी आली.

“राजीनामा आणलाय मी,” ती शर्टाकडे बघत म्हणाली.

तोही शर्टाकडे बघू लागला.

“द्या हवं तर. दमलेल्या माणसाला थांब म्हणायचा मला काय हक्क? पण… साडेतीनला त्या पायरीवर येत जाल? मला एकट्याला बिस्किटं जात नाहीत.”

“आज तर अर्धा पुडा संपवला होतात!”

“घाबरलो होतो. आठवडाभर तुम्हाला रडताना बघून वरच्या मजल्यावरूनच परत फिरत होतो… आज कुठे बसायचं धाडस झालं.”

तिचा फोन पुन्हा वाजला. हात सवयीनं उठला, अधांतरी थांबला… आणि हलकेच त्याच्या हातावर टेकला.

“वाजू दे,” ती म्हणाली. “ताई घेतील.”

पाच वाजून सात मिनिटं झाली होती.