दुष्काळाच्या वर्षापासून काढलेली रेघ

"मॅडम, ही हिरवी रेघ खोटं बोलतेय."

मी मान वर केली. दारात निथळती छत्री आणि आलेखाचं पान घेऊन तो उभा – छापखान्याचा मुद्रितशोधक. नेहमीचे काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले, म्हणून त्यांच्या जागी आलेला.

"तुम्ही काना-मात्रा बघायला आलात ना?" मी ताठ्यातच म्हटलं.

"तेच बघत होतो. पण… नजर घसरली."

सहा विकसनशील देश, पंचवीस वर्षं, सहा रंगांच्या रेघा. कुणाची अर्थव्यवस्था किती वेगानं वाढली, हे माझं दोन वर्षांचं काम. आणि उत्तर होतं हिरवा देश! सगळ्यांना मागे टाकून वर गेलेला. 'हिरवा चमत्कार' हे नाव आमच्या संस्थेच्या साहेबांनीच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घातलं होतं. माझी नेमणूक महिनाअखेरपर्यंतची. पुढचं सगळं या पुस्तकावर.

"तुमची मोजणी सुरू होते ना, त्या वर्षी तिथे दुष्काळ होता," तो हळूच म्हणाला. "वडिलांची नोकरी तिथे होती. मी सहा वर्षांचा. पाण्याच्या रांगेत आईचा अख्खा दिवस जायचा. विहिरीतून वर आलेला माणूस डोंगर चढला, असं म्हणायचं का?"

राग आला. खूप आला! तो गेल्यावर मी दुष्काळाच्या तीन वर्षं आधीपासून मोजून पाहिलं… हिरवी रेघ थेट तिसरी. पहिली कोण, तर ती मातकट तपकिरी, जिच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. दरवर्षी थोडीथोडी, न थांबता चढलेली.

गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? त्याला. आणि जो वर आभाळात बसलाय, त्याला.

साहेबांना सांगितलं.

"छपाईच्या तोंडावर सुचलं का हे? काढा सगळे आलेख नव्यानं! तुमच्या नेमणुकीचं… बघू."

मग तो रोज येऊ लागला, नवी पानं घेऊन.

"आज किती चुका?"

"तुमच्या तीन. माझी एक."

"तुमची कुठली?"

"पान उलटायचं राहिलं… तुम्ही बोलत होतात."

शेजारच्या टेबलावरच्या बाई खोकल्या. "पाच मिनिटांचं काम, अन् बसतो तासभर!"

महिनाअखेरीला साहेबांनी बोलावलं. "चमत्कार गेला, आता खप कमी होणार," ते कुरकुरले आणि एक पत्र पुढे सरकवलं. आणखी एक वर्ष! "खरं बोलता. उशिरा बोलता, एवढंच."

बाहेर जिन्यात तो उभा होता. चेहरा उतरलेला.

"काय झालं?" त्यानंच विचारलं.

"राहिले. वर्षभर."

तो मटकन पायरीवरच बसला. "सकाळपासून देवाला विनवतोय, माझ्या तोंडामुळे यांची नोकरी जाऊ नये. गेली असती तर… कुठल्या तोंडानं विचारलं असतं?"

"काय विचारायचं होतं?"

तो छत्रीची मूठ चोळत राहिला. "पुस्तक संपलं. उद्यापासून यायला कारण नाही. मी… तरीही आलो तर?"

मी शेजारी बसले. "इथे नको. रविवारी घरी या. आईला सांगून ठेवलंय."

"आत्ता पत्र मिळालं, आणि सांगितलं कधी?"

"मागच्या आठवड्यात."

"काय सांगितलंत?"

"की नोकरी राहो, न राहो… एक माणूस येणार आहे."